गोदाकाठचा राजा गौतमीपुत्र सातकर्णी

सम्राट अशोक, मिलिंद राजा, सम्राट हर्षवर्धन यांच्याविषयी आपण विहारात पुष्कळ ऐकतो. ऐकलेच पाहिजे. पण हे सगळे राजे दूरच्या मुलखातले. आपल्या गोदावरीच्या काठावर, आपल्या मराठवाड्यातल्या पैठणातून ज्याने राज्य केले आणि ज्याचा हुकूम भिक्खू संघाच्या लेण्यात आजही वाचता येतो, त्या गौतमीपुत्र सातकर्णीविषयी मात्र आपल्या घरांतून फारसे बोलले जात नाही. आणि बोलले गेलेच तर दोन टोकांनी. कुणी म्हणतो, तो पक्का बौद्ध राजा होता. कुणी म्हणतो, छे, तो तर वर्णव्यवस्थेचा रखवालदार. दोघांजवळही दगडावर कोरलेला पुरावा आहे आणि तो एकाच डोंगरावर, एकाच लेण्यात आहे. म्हणून त्याचे चरित्र नीट सांगण्याचा हा प्रयत्न.

आधी मुलूख समजून घेऊ. त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावलेली गोदावरी नाशिक, पैठण करीत नांदेडला येते. पुढे कंदकुर्तीजवळ तिला मांजरा मिळते. लातूर जिल्ह्यातून जाणाऱ्या मांजरेत त्याआधीच तेरणा मिळालेली असते. म्हणजे नांदेड आणि लातूर ही दोन्ही गावे एकाच खोऱ्यातली, पाणी शेवटी एकच. तथागतांच्या काळी जी सोळा महाजनपदे होती त्यात दक्षिणेकडचे एकच नाव येते, ते अस्सक, म्हणजे अश्मक. त्याची राजधानी पोतन. आपल्या नांदेड जिल्ह्याच्या शेजारी, आता तेलंगणात असलेले बोधन गाव म्हणजेच ते पोतन, असे बरेच अभ्यासक मानतात. अश्मकाला लागून वर पैठणकडे मूलक देश. सुत्तनिपातात बावरी नावाच्या ब्राह्मण आचार्याची कथा आहे, तो याच भागात गोदावरीकाठी आश्रम करून राहात होता. त्याने आपले सोळा शिष्य बुद्धांकडे प्रश्न विचारायला पाठविले. ते पैठण, माहिष्मती, उज्जैन, विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती असे चालत गेले. त्यांच्यातला म्हातारा पिंगिय परत आला आणि जे ऐकले ते त्याने गुरूला गोदाकाठी येऊन सांगितले. नांदेडहून श्रावस्ती आजही रेल्वेने लांबच वाटते; ही माणसे पायी गेली होती!

मौर्यांचे राज्य मोडल्यावर या खोऱ्यात सातवाहन पुढे आले. त्यांचे मूळ कुठले यावर विद्वानांचे वाद आहेत, त्यात आपण पडायला नको. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. या घराण्याच्या सुरुवातीच्या राजांपैकी कण्ह म्हणजे कृष्ण, त्याच्या कारकिर्दीत नाशिकच्या डोंगरात श्रमणांसाठी एक लेणे कोरले गेले. ते काम बघणारा श्रमणांचा महामात्र होता. आणि त्याच घराण्यातली राणी नागनिका, तिच्या नाणेघाटातल्या लेखात अश्वमेधादी यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, हत्ती, कार्षापणांची लांबच लांब यादी आहे. एकाच घरात दोन्ही चालत होते. पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली इथे आहे.

मग शक आले. क्षहरात कुळातला नहपान याने नाशिक, कार्ले, जुन्नर हा घाटमाथ्याचा पट्टा सातवाहनांकडून हिसकावून घेतला. हा पट्टा कशाला हवा होता? व्यापारासाठी. त्या काळच्या एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात, ज्याला पेरिप्लस म्हणतात, लिहिले आहे की भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले आपले तेर, तेरणेच्या काठचे, लातूरहून अगदी जवळ. पैठणहून मौल्यवान दगड आणि तेरहून कापड, साधे तसेच तलम मलमल, गाड्यांत भरून वाईट रस्त्यांनी भडोचला जात असे. मधल्या काळात कल्याण बंदराची नाकेबंदी झाली होती आणि तिकडे चुकून गेलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही त्यात आहे. घाट ज्याच्या हातात, जकात त्याच्या हातात. पैठणच्या राजाची कोंडी झाली होती ती अशी.

पण हा शत्रूही नुसता लुटारू नव्हता. नहपानाचा जावई ऋषभदत्त (लेखात उषवदात) आणि त्याची बायको दक्षमित्रा यांनी नाशिकच्या लेण्यात मोठा विहार कोरून दिला. ऋषभदत्ताने तीन हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. दोन हजार एका श्रेणीत दरमहा शेकडा एक दराने, आणि एक हजार दुसरीत पाऊण टक्क्याने. त्या व्याजातून वर्षावासातल्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळायचे. मुद्दल मोडायचे नाही, व्याजच वापरायचे. आपल्या विहाराच्या मुदत ठेवीचा कारभार याहून वेगळा काय आहे? तोच ऋषभदत्त ब्राह्मणांनाही गायी आणि गावे देत होता. तेव्हाच्या राजांची ही रीतच होती.

अशा वेळी गौतमीपुत्र गादीवर आला. काळ साधारण इ. स.च्या पहिल्या शतकाचा उत्तरार्ध किंवा दुसऱ्याची सुरुवात. अभ्यासकांच्या तारखांत दोन-तीन दशकांचा फरक पडतो. त्याच्या बालपणाची माहिती देणारा लेख नाही. पैठणला शालिवाहनाची दंतकथा सांगतात, कुंभाराच्या घरी वाढलेल्या पोराने मातीचे सैन्य केले आणि त्यात प्राण फुंकले ती. गोष्ट गोड आहे, पण तिला इतिहास म्हणता येत नाही. तसेच इ. स. ७८ चा शक त्याने सुरू केला हेही खरे नाही. सातवाहन राजे आपल्या लेखांत स्वतःच्या राज्याभिषेकापासूनची वर्षे मोजत. त्या शकाला शालिवाहनाचे नाव फार नंतर चिकटले. मुळात तो शकांचाच.

त्याच्याविषयी पहिली पक्की गोष्ट म्हणजे त्याचे नाव. गौतमीपुत्र, गौतमीचा मुलगा. वडिलांचे नाव नाही, आईचे. या घराण्यातले वासिष्ठीपुत्र, गौतमीपुत्र असेच नाव लावीत. यावरून ते राज्य बायकांचे होते असे कुणी समजू नये, गादी बापाकडून मुलाकडेच जात होती. पण आईचे नाव दगडावर आणि नाण्यावर पुढे राहिले हे तर खरे. त्याच्या आईचे पूर्ण नाव गौतमी बलश्री. या चरित्रात ती शेवटपर्यंत आहे, किंबहुना ती नसती तर हे चरित्र लिहिताच आले नसते.

राज्याच्या अठराव्या वर्षी तो नाशिकजवळच्या गोवर्धन प्रांतात विजयी सैन्याच्या तळावर होता. (नांदेडलाही गोवर्धन घाट आहे, पण हा गोवर्धन तो नव्हे; नाशिकजवळ त्या नावाचे गाव अजून आहे.) नहपान हरला होता. तळावरून राजाने गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला हुकूम पाठविला. पश्चिमेकडच्या कखडी गावातले जे शेत आजवर ऋषभदत्ताकडे होते, त्यातले दोनशे निवर्तन त्रिरश्मी डोंगरावरच्या प्रव्रजितांना, म्हणजे भिक्खूंना द्यावे. त्या शेतात शिपायांनी शिरायचे नाही, अधिकाऱ्यांनी हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचे नाही. कार्ल्यातही त्याच अठराव्या वर्षाचा असाच एक हुकूम आहे, मावळच्या अमात्याला पाठविलेला, आणि तो त्याचाच समजला जातो. तिथल्या भिक्खूंना जे गाव ऋषभदत्ताने दिले होते तेच याने पुन्हा दिले.

राजा बदलला की जुन्या राजाची दाने रद्द होतात ही भीती भिक्खूंना असणारच. जिंकणारा पहिल्या धडाक्यातच सांगतो की संघाचे कायम राहील. त्यात श्रद्धा किती आणि राजकारण किती, हे कोण तोलणार? लेणी घाटवाटांवर होती, व्यापारी तिथे उतरत, दाने देत. त्यांचा विश्वास मिळविणे म्हणजे वाट मिळविणे. माझ्या मते दोन्ही होते, आणि त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही.

नहपानाचा पराभव किती पुरता होता ते १९०६ साली कळले. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचा चेहरा खाली आणि त्यावर सातवाहनांची खूण, एका बाजूला तीन कमानींचा चैत्य (काही जण त्याला डोंगर म्हणतात) आणि दुसऱ्या बाजूला उज्जैनचे चिन्ह. नाणी वितळवून नवी पाडली नाहीत. बाजारात फिरणारे नाणे तसेच फिरू दिले, फक्त धनी बदलला हे सगळ्यांना दिसेल असे केले.

आता त्याच शेताची पुढची गोष्ट ऐका, मला तर ती सगळ्या लढायांपेक्षा मोठी वाटते. सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, गोवर्धनच्या अमात्याला पुन्हा पत्र गेले. आता अमात्य श्यामक नावाचा होता. पत्र राजाचे, आणि त्याच्याबरोबर राजमातेचे. जिचा मुलगा हयात आहे ती महादेवी, असा तिचा उल्लेख आहे. मजकूर असा की कखडी गावातले शेत आम्ही भिक्खूंना दिले होते खरे, पण ते शेत कुणी कसत नाही आणि त्या गावात वस्तीही राहिलेली नाही. तेव्हा नगराच्या सीमेवरची आमची स्वतःची जी राजकीय जमीन आहे, तीतले शंभर निवर्तन त्याबदली द्यावे, आणि सवलती पहिल्यासारख्याच. लोटा नावाच्या प्रतिहारीचे, म्हणजे राजाच्या दाराशी असणाऱ्या बाईचे नाव त्या पत्राच्या कामात आले आहे.

कागदावर जमीन मिळणे आणि ती हातात येणे यातला फरक आपल्याला काय सांगायचा! गायरानाच्या पट्ट्यासाठी तहसीलला चकरा मारलेल्या माणसाला हे पत्र लगेच समजेल. लढाईत उठलेले गाव, पडीक रान, आणि हातात दानाचा लेख घेऊन बसलेले भिक्खू. दिले म्हणजे झाले, असे राजाने म्हटले नाही. चूक कबूल करून आपल्या वाट्याची जमीन दिली, दोनशेच्या जागी शंभरच, पण कसता येईल अशी. बहुधा आजारपणामुळे किंवा दूरच्या मोहिमेमुळे राजमाता या कामात पुढे होती, असा तर्क काहीजण करतात. तिच्याकडूनच हे भिक्खूंपर्यंत पोचले असावे, असे मला वाटते.

त्याच्या राज्याचा विस्तार आपल्याला आईच्या लेखातून कळतो. असिक, असक, मूलक, सुरठ, कुकुर, अपरांत, अनूप, विदर्भ, आकर-अवंती अशी नावे त्यात आहेत, म्हणजे आजचा मराठवाडा, वऱ्हाड, कोकण, गुजरात-सौराष्ट्राचा भाग आणि माळवा. असक म्हणजे आपला अश्मक. म्हणजे नांदेडच्या मुलखाचे नाव त्या दगडावर आहे. विंध्यापासून सह्य, मलय आणि महेंद्रापर्यंतच्या डोंगरांची नावे आहेत, आणि त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायल्याचे वर्णन आहे. शेवटचे थोडे आईचे कौतुक धरावे. शक, यवन, पह्लव यांचा त्याने नाश केला, क्षहरातांचे मूळ उपटले, सातवाहन कुळाची गेलेली कीर्ती परत आणली, हे सांगताना मात्र ती हातचे राखत नाही. त्याच्या स्वभावाबद्दलही ती सांगते. न्यायाला सोडून कर घेतला नाही, प्रजेच्या सुखदुःखात वाटेकरी झाला, अपराधी शत्रूचाही जीव घ्यायला त्याचे मन होत नसे, आईचा शब्द त्याने कधी मोडला नाही. क्षहरातांना मुळापासून उपटणारा आणि शत्रूचा जीव घ्यायला न धजणारा, ही दोन्ही वर्णने एकाच लेखात कशी बसतात ते तिलाच ठाऊक. आई होती ती.

आणि आता ती जागा, जिथे आपल्याला थांबावे लागते. त्याच लेखात तिने मुलाला अद्वितीय ब्राह्मण म्हटले आहे. काही जण त्याचा अर्थ ब्राह्मणांचा एकमेव कैवारी असा करतात. क्षत्रियांचा गर्व त्याने उतरविला. आणि चारही वर्णांचा संकर त्याने बंद केला, हेही त्याच्या कीर्तीत मोजले आहे. हे वाक्य झाकून ठेवून चालणार नाही. आपल्या काही पुस्तकांतून ते गाळलेले दिसते, तर इतरांच्या पुस्तकांतून तेवढेच ठळक छापलेले दिसते. याच लेखात एक समासही आहे. काही विद्वान त्याचा अर्थ द्विज आणि खालच्या अशा दोन्ही कुटुंबांची भरभराट करणारा असा लावतात, तर काही जण श्रेष्ठ द्विजांचीच भरभराट असा. पहिला अर्थ आपल्याला आवडेल, पण आवडतो म्हणून तोच खरा असे होत नाही.

मग हा राजा आपला की परका? बौद्ध भिक्खूंच्या निवासात, त्यांना लेणे दान देताना, दानाच्याच लेखात वर्ण राखल्याचा अभिमान कोरला गेला, आणि भिक्खू संघाने ते लेणे स्वीकारले. संघाला जमीन मिळाली, चीवर मिळाले; गावकुसाबाहेरच्या माणसाला काय मिळाले ते या लेखात नाही. त्या डोंगरापासून काही मैलांवर, त्याच गोदावरीच्या काठी, १९३० च्या २ मार्चला बाबासाहेबांना काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू करावा लागला. मधल्या अठराशे वर्षांचे सगळे ओझे या एका राजावर टाकणे अन्यायाचे होईल. पण जिथे तो लेख आहे तिथून नाशिक शहर दिसते, हे पाहणाऱ्याच्या मनात आल्याशिवाय राहात नाही.

राजा गेल्यावर मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी गादीवर आला. टॉलेमी या ग्रीक भूगोलकाराने पैठणचा राजा म्हणून त्याचेच नाव नोंदले आहे. पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी, उन्हाळ्यात, गौतमी बलश्रीने ते लेणे भदायनीय निकायाच्या भिक्खू संघाला दान दिले. तेव्हा ती राजाची आजी होती आणि राजाची आई असल्याचे पुन्हा अभिमानाने सांगत होती. व्रत, नियम, तप यांत ती रमलेली होती असे तिचे वर्णन आहे. नातवाने लेण्याच्या देखभालीसाठी पिसाजिपदक नावाचे गाव दिले. मेलेल्या मुलाची कीर्ती तिने स्वतःच्या महालात कोरली नाही, भिक्खूंच्या ओसरीत कोरली. तिथे ती टिकली. महाल राहिले नाहीत.

वर्णसंकराची गोष्ट मात्र घरातच पुढे सरकली. कान्हेरीला पाण्याच्या टाक्यावर एक लेख आहे. त्यात याच घराण्यातल्या वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी ही कार्दमक कुळातली, महाक्षत्रपाची मुलगी असल्याचे लिहिले आहे. महाक्षत्रप म्हणजे रुद्रदामन, शकच. ज्यांच्या नाशाची बढाई आजीने दगडावर कोरली, त्यांचीच लेक पुढे सून म्हणून आली. रुद्रदामनाने इ. स. १५० च्या गिरनारच्या लेखात सांगितले आहे की दक्षिणापथाच्या सातकर्णीला त्याने दोनदा हरविले, पण जवळचा नातेवाईक म्हणून संपविले नाही.

पुढे राजे येत राहिले. सातवाहनांनंतर वाकाटक, त्यांच्या वाशीमच्या ताम्रपटात नंदिकट येते, ते आपले नांदेड. अजिंठ्याची उत्तरकाळची लेणी त्यांच्याच अमलात कोरली गेली. मग बदामीचे चालुक्य. मग राष्ट्रकूट, जे स्वतःला लट्टलूरचे स्वामी म्हणवीत, आणि लट्टलूर म्हणजे लातूर. कंधारचे वैभव त्यांच्याच काळातले. देगलूरजवळच्या होट्टलची मंदिरे कल्याणीच्या चालुक्यांची. मग देवगिरीचे यादव, बहमनी, मोगल आणि शेवटी निजाम, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. प्रत्येकाने दगडावर, तांब्यावर किंवा कागदावर आपली कीर्ती लिहून ठेवली. तेरला विटांच्या स्तूपाचे अवशेष निघाले, आणि तिथले त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह होते असे अनेक अभ्यासक मानतात. लातूरकरांना तेर जवळच आहे. तिथल्या संग्रहालयात सातवाहनकालीन मातीच्या मूर्ती आणि मणी पाहायला मिळतात. मुलांना घेऊन एकदा अवश्य जावे.

आणि नाशिकला गेलात तर पांडवलेणीच्या पायऱ्या चढून तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात जा. पांडवांचा त्याच्याशी काही संबंध नाही, ते त्रिरश्मी लेणे आहे. पुढच्या बाजूला खाली सहा धिप्पाड यक्ष सगळे लेणे खांद्यावर घेतल्यासारखे बसले आहेत. ओसरीच्या भिंतीवर हे सगळे लेख आहेत, शेताचे, बदली जमिनीचे आणि आईचे. आत गेलात की मोठे दालन, भोवती भिक्खूंच्या खोल्या. समोरच्या भिंतीत स्तूप कोरलेला आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन बाया वंदन करीत उभ्या आहेत.